तेरवीची शिटी

पुंडलिक गेल्याची बातमी आली तेव्हा चंद्रभान वावरात वांगी तोडत होता. फोन त्याच्या मुलाचा, गोपालचा होता. छातीत कळ आली म्हणून गोपालच काकाला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात गेला होता. चंद्रभाननं फोन उचलल्यावर तो एवढंच म्हणाला, "बाबा, आता काय करू?"

चंद्रभानला कळलं. पुंडलिक जिवंत असता तर हा प्रश्न गोपालनं त्यालाच विचारला असता.

हातातलं वांगं त्यानं क्रेटमध्ये ठेवलं. मग आणखी एक तोडलं. मग त्याच्या लक्षात आलं की पाठचा भाऊ गेला, आता थांबायला हवं. दोन वर्षांपूर्वी बायको, शकुबाई, गेली तेव्हाही असंच झालं होतं. ती गेली असं सांगायला लोक आले, आणि त्यानं ताटातली उरलेली भाकर आधी खाल्ली होती. माणूस गेल्यावर हात थोडा वेळ आपलं काम करत राहतात. शकुबाईनं तेव्हा पाहिलं असतं तर म्हणाली असती, भूक तरी लागली होती का तुम्हाला.

मोक्षधामावर लाकडं नीट पेटलीही नव्हती तेव्हा मागून कोणीतरी बोललं, "मंग आता पोट्ट्यायच्या टीमचं काय?"

अल्लीपूरची मुलींची कबड्डीची टीम पुंडलिकनं उभी केली, आणि टीम म्हणजे पुंडलिकच, हे खरं. पण माणूस निदान पुरता जळू द्यावा. तेवढा धीर कोणालाच नव्हता, कारण डिसेंबरात जिल्ह्याच्या टीमची निवड होती. राख गार व्हायच्या आत गावाचे दोन पक्ष झाले होते. एक नयनचा, एक गोपालचा.

नयन म्हणजे पुंडलिकचा मुलगा. चढाईत त्याचा पाय कोणाला दिसायचा नाही. मुंबईत कंपनीच्या टीममधून खेळला, मग टीव्हीवरच्या लीगमध्ये दोन हंगाम. पहिल्या हंगामात चार सामने खेळला, दुसऱ्या हंगामात ट्रॅकसूट घालून बाकावर बसला. गावानं तो बाकावर बसलेलासुद्धा टाळ्या वाजवून पाहिला. मग गुडघा गेला आणि होळीपासून तो घरी होता. लीगमधल्याच एका टीमनं त्याला सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. तो नाही म्हणाला. "पाण्याच्या बाटल्या द्यायले खेळलो काय मी?" असं त्यानं चौकात सांगितलं, आणि चौकाला ते फार पटलं. चौकात बसणाऱ्यांपैकी कोणालाच कोणी सहायक म्हणूनही बोलावलेलं नव्हतं.

गोपाल दुसऱ्या टोकाचा. काकाचा सहायक होता होता त्याचे केस पिकले. मैदानावर पाणी मारायचं, चुन्याच्या रेषा आखायच्या, मुलींच्या बापांच्या हातापाया पडून परवानगी आणायची, सामन्याला टेम्पो ठरवायचा, हे सगळं त्याचं. ठरवायचं मात्र काकानं. इतकी वर्षे दुसऱ्याचं ठरलेलं ऐकून गोपालची ठरवायची शक्तीच वाळून गेली होती. बाजारात टमाटरचा भावसुद्धा तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून सांगायचा.

दोघांपैकी एकाला नेमायचं काम चंद्रभानचं होतं, कारण गावच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष तो. एक पुतण्या, एक मुलगा. आणि टीमची कॅप्टन होती काजल, गोपालची मुलगी, चंद्रभानची नात. तिचं वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. या डिसेंबरात निवड झाली तर पुढं राज्याची टीम, आणि राज्याकडून खेळली तर कुठंतरी नोकरी. नाही झाली तर वांगी होतीच.

*

तेरवीला आमच्याकडे मामाच्या घरून दुपट्टा आणि टोपी येते. ती मोठ्या मुलाच्या अंगावर घातली की तो घराचा कर्ता झाला. नयनचा मामा रूपराव पुलगावहून ती घेऊन आला होता. रूपरावनं जन्मभर डेपोत साहेबाच्या हाताखाली नोकरी केली होती, त्यामुळे दुसऱ्याच्या हाताखाली राहण्याबद्दल त्याचं मत फार कडक होतं.

मांडवात पहिली पंगत बसली. रूपराव चंद्रभानच्या शेजारी पाट ओढून बसला.

"भाऊ, टीमचं काय ठरवलं?"

"जेवण होऊ द्या."

"जेवण होते. तोंडात घास असला तरी कान तं मोकळे हायेत." रूपरावनं आवाज पंगतीभर जाईल एवढा मोठा केला. "मी काय म्हणतो, ज्यानं सारं मैदान पाह्यलं, टीव्हीवर खेळला, त्याले आंदी सहायक काऊन व्हा लागते? डाक्टराले आंदी कंपाउंडर व्हा लागते काय?"

"नाई लागत," चंद्रभान म्हणाला. "पण त्याले डाक्टरकी शिका लागते. लय दिवस खाटेवर पडून होता म्हून कोणी डाक्टर होत नाई."

पंगतीत दोघेतिघे हसले. तेरवी असल्यामुळे त्यांनी ते खोकल्यात काढलं. नयन समोरच्या रांगेत होता. तो ताटाकडेच पाहत चंद्रभानला म्हणाला, "मोठेबाबा, हसून राह्यले तुम्ही. पण शेवटची चढाई बाकी हाय आन् दहा हजार लोक ओरडून राह्यले, तवा काय होते पोटात, ते गोपालदादाले माहीत हाय काय? रेषा आखून ते समजत नाई."

हे खरं होतं. चंद्रभाननं पुरी मोडली.

"आन् तुम्ही बोलता कोणासाठी, ते आमाले समजत नाई काय?" रूपराव म्हणाला. "पोरगा हाय तुमचा. बोलाच लागन."

हेही थोडं खरं होतं. पोरगा त्या वेळी वरणाची बादली घेऊन पंगतीतून फिरत होता. त्याचं नाव घेऊन दोन्ही बाजू भांडत होत्या आणि तो प्रत्येकाच्या भातावर वरण घालत पुढं सरकत होता. रूपरावच्या पानाशी आला तेव्हा विचारलं, "मामाजी, वरण?"

"वाढ थोडं," रूपराव म्हणाला.

आतल्या खोलीच्या दारात शालूबाई बसली होती. पुंडलिकची बायको. चंद्रभान तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. जे सांगायचं ते ती दाराच्या चौकटीला सांगायची आणि चंद्रभान ते चौकटीकडून ऐकायचा. घरातले महत्त्वाचे निर्णय असेच झाले होते.

"माह्या पोराले आंघोळीचा टावेल कोठी असते, हे अजून माहीत नाई," ती चौकटीला म्हणाली. "माय दे म्हणते तवा देते मी. त्याले सात पोट्ट्या मैदानात कोठी उभ्या हायेत, हे कसं दिसन?"

रूपरावनं मान वळवली. "शालू, तू माय हायेस का वैरी?"

"माय हाय, म्हूनच सांगून राह्यली. वैरी असती तं त्याले आजच नेमा म्हटलं असतं."

आता आईच पोराच्या विरुद्ध गेली, म्हणजे निकाल लागला, असं चंद्रभानला वाटलं. पण पाण्याचा जग घेऊन काजल उभी होती. ती म्हणाली, "मले नयनकाका पाहिजे."

गोपालची बादली एका पानावर थांबली. वरण ताटाबाहेर गेलं.

"बाबा शिकवते ते मले सारं येते," काजल म्हणाली. ती बापाकडे न पाहता बोलत होती, पण आवाज नरम होता. "मले येत नाई, ते नयनकाकाले येते. मंग मी कोणाजवळ शिकू?"

आई पोराच्या विरुद्ध, पोरगी बापाच्या विरुद्ध. चंद्रभान मधे, हातात पुरीचा तुकडा. शकुबाई असती तर तिनं काजलला आधी आत नेऊन दोन घास खाऊ घातले असते आणि मग सगळ्यांना दोन वाक्यांत गप्प केलं असतं. ती दोन वाक्यं कोणती असती, हे त्याला आठवून काढता येईना.

रूपरावला मात्र वाट सापडली होती. "आता सांगा. ज्यायची तेरवी हाय आज, ते पुंडलिकराव कोणाचे सहायक होते? पाय मोडला, दुसऱ्या दिवशी गळ्यात शिटी घातली. डायरेक्ट. झाले का नाई कोच? अख्ख्या जिल्ह्यानं नाव घेतलं. सांगा भाऊ, खोटं बोलून राह्यलो काय?"

सगळी पंगत चंद्रभानकडे पाहू लागली.

चौकटीतून आवाज आला, "ज्यायले माहीत हाय, त्यायनं आता सांगा. मी बाईमाणूस, मी सांगितलं तं म्हणतीन नवऱ्याच्या तेरवीले त्याचे वाभाडे काढले."

चंद्रभाननं समोर पाहिलं. खुर्चीवर पुंडलिकचा फोटो, फोटोला हार, आणि हारात त्याची पितळी शिटी. पुंडलिक डायरेक्ट कोच झाला, हे अगदी खरं. त्या वेळी गावात पोरांची टीम होती. पुंडलिक तिचा सगळ्यात चांगला खेळाडू, म्हणून पाय मोडल्यावर सगळ्यांनी त्यालाच शिटी दिली. त्यानंतर चार वर्षे टीम पहिल्याच फेरीत घरी येत होती. तो पोरांना फक्त ओरडायचा की असं कसं जमत नाही तुम्हाला. पाचव्या वर्षी त्याला कोचिंग समजलं आणि टीम जिंकायला लागली. त्या चार वर्षांत टीमचा कॅप्टन चंद्रभान होता. पाचव्या वर्षी तो नव्हता. तेव्हा गोपाल चालायला लागला होता आणि चंद्रभानचे गुडघे थांबायला लागले होते.

हे आठवणारी दोनच माणसं आता मांडवात होती. एक चौकटीशी बोलत होतं आणि दुसरं भावाच्या फोटोकडे पाहत होतं.

"भाजी थंडी होऊन राह्यली," चंद्रभान म्हणाला. "जेवा."

*

तेवढी संधी रूपरावला पुरली. जेवणानंतर भटजीनं नयनला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर दुपट्टा आणि डोक्यावर टोपी घातली. आणि रूपराव उठला, फोटोच्या हारातली शिटी सोडवली आणि भटजीच्या ताटात ठेवली.

"हे काय?" भटजी म्हणाला.

"हेबी घाला. बापाचंच हाय."

भटजीला शिटीचा मंत्र माहीत नव्हता. त्यानं टोपीचाच पुन्हा म्हटला. शिटीला कुंकवाचं बोट लागलं आणि ती नयनच्या गळ्यात गेली. ओळीनं पाहुणे आले, नयनच्या पाया पडले, कोणी अक्षता टाकल्या. चंद्रभान पुढं होईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेरवीला अंगावर पडलेलं वर्षश्राद्धापर्यंत दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. टोपीचा हा नियम जुना होता. आता तो शिटीला लागला. अध्यक्ष, मंडळ, हात वर करणं, सगळं राहिलं बाजूला. वावराचा सातबारा मिळायला सुद्धा तलाठ्याकडे जावं लागतं. मुलींच्या टीमचा मुख्य प्रशिक्षक मांडवातच, बुंदीच्या वासात नेमून झाला.

नयननं शिटी फुंकली नाही, एवढी अक्कल त्याला होती. बाहेर रस्त्यावर दोस्त म्हणाले, "वाजव ना बे एकदा," तेव्हा वाजवली. घरातल्या सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या, कारण ती शिटी ऐकली की पुंडलिक घरी यायची वेळ झाली असं त्यांना माहीत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभान मैदानाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर जाऊन बसला. गोपालनं मातीवर पाणी मारून ठेवलं होतं. त्याला कोणी मार म्हटलं नव्हतं आणि मारू नको असंही म्हटलं नव्हतं.

नयन लीगचा ट्रॅकसूट घालून आला. पाठीवर त्याचंच नाव होतं. मुलींचे डोळे चमकले. त्यानं रेषेवर उभं राहून चढाई दाखवली, आणि खरंच, अर्ध्या मिनिटात दोघींना हात लावून तो परत आला. गुडघा गेला तरी कमरेपासून वरचा नयन अजून तोच होता.

"दिसलं?"

"नाई दिसलं, सर," मयुरी म्हणाली. ती कोपऱ्यात पकड करायची. "कोणता पाय आंदी टाकला तुम्ही?"

नयन विचारात पडला. हे त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं एक पाय पुढं केला, मग तो मागं घेतला, मग दुसरा केला. "पाय जाते ना आपोआप," तो शेवटी म्हणाला.

"आमचा नाई जात."

"पुन्हा पाहा." त्यानं पुन्हा करून दाखवलं. पुन्हा दिसलं नाही. तिसऱ्या वेळी गुडघा धरून तो खाली बसला. गोपाल बर्फाची पिशवी घेऊन आला. ती त्यानं घरून आणलीच होती.

मग मुलींच्या दोन टीम करून सामना लावला. शेवटची चढाई उरली तेव्हा काजलची टीम एका गुणानं मागं होती. तिनं रेषेवरून बाहेर पाहिलं. पुंडलिक असताना ती अशीच पाहायची, आणि तो बोटानं दाखवायचा.

"कोणाले पाठवू, काका?"

"मी असतो तं मीच गेलो असतो," नयन म्हणाला.

काजल थांबली. तिनं बापाकडे पाहिलं. गोपालनं तोंड उघडलं.

"काका असते तं..." तो म्हणाला, आणि नयनकडे पाहून गप्प झाला.

बाकावर चंद्रभानच्या मनात आलं, शकू असती तर हे झालंच नसतं. आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. एक म्हणतो मी असतो तर, दुसरा म्हणतो काका असते तर, आणि अध्यक्ष म्हणतो बायको असती तर. जी होती ती पोरगी रेषेवर उभी होती.

काजल स्वतःच गेली. कोपऱ्यात मयुरीनं तिचा घोटा पकडला, दुसरीनं कंबर धरली आणि ती खांद्यावर पडली. उठली, माती झटकली. "लागलं का?" असं कोणी विचारायच्या आतच म्हणाली, "नाई लागलं." मग हापशीवर जाऊन खांद्यावर पाणी घेत उभी राहिली.

बाकीच्या मुली घरी गेल्यावर नयन बाकावर येऊन बसला. गुडघ्यावर बर्फ.

"मोठेबाबा, बाबाचे पयले दिवस कसे होते?"

काल पंगतीत जे तोंडातून निघालं नव्हतं ते चंद्रभाननं आता सांगितलं. साध्या शब्दांत, फोटो समोर नसल्यामुळे सोपं गेलं. चार वर्षे. पहिल्या फेरीत घरी. गाव हसायचं. अल्लीपूरवाले चिवडा बांधून आणतात आणि तो संपायच्या आत घरी जातात, असं आर्वीकडचे लोक म्हणायचे.

नयनचा चेहरा उजळला. "म्हंजे बाबालेबी चार वर्षे लागले?"

"लागले."

"मंग मले एकाच दिवसात काऊन तोंड वाकडं करून पाहून राह्यले सारे? मलेबी लागतीन."

चंद्रभानला हसू आलं आणि रागही आला. त्यानं पोराच्या हातात कुऱ्हाड दिली होती, लाकूड तोड म्हणून, आणि पोरानं ती आरामात उशाला घेतली.

"लागतीन ना," तो म्हणाला. "तुह्या बापाले चार वर्षे लागले. पण ते त्याचे नव्हते."

"मंग कोणाचे होते?"

"माहे."

बर्फाचं पाणी नयनच्या पँटवरून बुटात चाललं होतं. तो हापशीकडे पाहत होता. काजल हात वर करून खांदा फिरवून पाहत होती, आणि मधेच तोंड वाकडं करत होती.

"हिचं हेच वर्ष ना शेवटचं?"

"हेच."

"शिटी काढता येत नाई आता?"

"वर्षश्राद्धापर्यंत नाई. तुह्या मामानं पक्कं काम केलं."

"राहू दे गळ्यात." नयननं ती बोटात धरली, सोडली. "गोपालदादा सांगन तसं मी फुंकीन. शिकन त्याच्या हाताखाली. कोणाले सांगू नोका फक्त. तो राहीन काय तयार?"

"त्याले इचार."

"तुम्ही इचारा ना. तुमचं ऐकते तो."

"ऐकते, म्हूनच मी इचारणार नाई. मी इचारलं तं म्हणन, बाबा, तुम्ही म्हणान तसं. तुले इचारा लागन."

नयन उठला. गोपाल मैदानाच्या पलीकडे पाण्याचा पाइप गुंडाळत होता. नयन त्याच्याकडे निघाला, लंगडत, सात-आठ पावलं गेला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. रूपराव पुलगावहून बोलत होता. तो एवढ्या मोठ्यानं बोलत होता की बाकापर्यंत ऐकू आलं. पेपरात बातमी द्यायची होती. मुख्य प्रशिक्षकाचा फोटो पाहिजे होता, शिटीसकट, आणि आत्ताच पाहिजे होता.

नयननं मागं वळून चंद्रभानकडे पाहिलं. मग ट्रॅकसूटची चेन वर ओढली, केसांवरून हात फिरवला आणि ऊन कुठून येतं ते पाहू लागला.

"गोपालदादा," त्यानं हाक मारली. "एक फोटो काढून देजो."

गोपालनं पाइप खाली ठेवला, हात पुसले आणि फोटो काढून दिला. दोनदा काढला, कारण पहिल्यात शिटी नीट आली नव्हती.

फोटो दिवाळीच्या आधी छापून आला. शालूबाईनं तो चौकटीला दाखवला. निवड डिसेंबरात होती, काजलचा खांदा शेकून बरा होत होता, मैदानावर रोज सकाळी पाणी मारलेलं असायचं. गोपालला विचारायचं राहिलं होतं.